पाळण्याची घागर

पाझरवाडीत येसू नावाची एक मुलगी राहायची. तिचं घर गावाच्या अगदी टोकाला होतं, डोंगर सुरू होतो तिथं. कुडाच्या चार भिंती आणि वर गवत, एवढंच घर. बाबा खालच्या मुलखात दगड फोडायला गेले होते. आई पोटुशी होती. येसूच्या पाठीवर दोन बहिणी होत्या, रखमी आणि बायजी, आणि दोघींनाही सारखी तहान लागायची. म्हणून सकाळी डोळे उघडले की येसू घागर उचलायची आणि झऱ्यावर रांगेत जाऊन उभी राहायची. ऊन डोक्यावर आलं की तिची पाळी यायची.

झरा पूर्वी दोरखंडासारखा जाड होता म्हणे. येसूच्या पहिल्या आठवणीत तो सुतळीएवढा होता. आता खडकाच्या फटीतून दोऱ्याएवढं पाणी यायचं. चमचम चमकायचं, मंजूळ वाजायचं, पण घागर काही लवकर भरायची नाही.

पाझरवाडीचा एक जुना रिवाज होता. बाळ जन्माला यायचं झालं की गावाशेजारच्या शिवणराईतलं एक शिवणीचं झाड तोडायचं आणि त्याच लाकडाचा नवा पाळणा करायचा. ज्याचा पाळणा झाला, त्याची घागर झऱ्याच्या रांगेत लागायची. पाळणा नाही, तर घागर नाही. बाळ चालायला लागलं की पाळणा माळ्यावर चढायचा, तो पुन्हा खाली यायचा नाही. एका पाळण्यात दोघं निजली तर दोघांचं आयुष्य वाटलं जातं, असं म्हातारी माणसं सांगायची.

हा रिवाज सुरू झाला तेव्हा गावात मूठभर घरं होती आणि शिवणराईत भरदुपारी काळोख असायचा. एक झाड तोडलं तर दहा रोपं आपोआप उगवायची. मग घरं वाढली. घराला अंगण हवं, अंगणाला शेत हवं, चुलीला सरपण हवं. सगळं राईतूनच यायचं, आणि शिवाय प्रत्येक पाळण्याला एक झाड. पण शिवणीची मुळं डोंगरातलं पाणी धरून ठेवत होती. एक झाड गेलं की डोंगर थोडा सुकायचा, झरा थोडा बारीक व्हायचा. म्हणजे बाळाला पाणी मिळावं म्हणून गाव नेमकं पाणी देणारं झाड तोडत होतं. हे कुणालाच दिसत नव्हतं असं नाही. पण म्हातारी माणसं पारावर बसून म्हणायची, “आमच्या वेळी झरा असा नव्हता हो!” आणि मग सुताराला पुढचं झाड दाखवायची.

त्या सकाळी येसू रांगेत उभी होती. पुढे सगुणाआत्या होती, तिच्या बाबांची थोरली बहीण.

“येसू, आईला कळा सुरू झाल्या का गं?”

“नाही आत्या. सुईणबाई म्हणाल्या, आज-उद्या.”

“या खेपेला मुलगा होऊ दे बाई एकदाचा. तीन-तीन पोरी झाल्या.”

“मुलगा पाणी कमी पितो का हो आत्या?” मागून कुणीतरी विचारलं. ती तानी होती, येसूची मैत्रीण. पोरीपोरी खुसूखुसू हसल्या.

तानीचे आजोबा खंडूनाना झऱ्याच्या कट्ट्यावरच बसले होते. गावात कुणाचं झाड तोडायचं, कुणाची घागर कुठं लावायची, हे तेच ठरवायचे. ते म्हणाले, “हसा, हसा! माणसं वाढली की गावाचं बळ वाढतं. आमच्या आज्याचा शब्द आहे हा.”

“आणि झरा कशानं वाढतो, नाना?” येसूनं विचारलं.

“झऱ्याचं देव बघेल. तू घागर भरलीस की राईत जा आणि शिवणीला हळदीचं सूत बांधून ये. थोरल्या भावंडानं सूत बांधायचं असतं. उद्या सकाळी सुतार येईल.”

“कुठल्या शिवणीला बांधू?”

“कुठल्या म्हणजे? एकच तर उरलीय!”

रांगेतली मोठी माणसं हसली. येसूला मात्र हसू आलं नाही.

घागर घरी ठेवून ती सूत आणि तांब्याभर पाणी घेऊन निघाली. ते पाणी तिच्या वाट्याचं होतं, दिवसभर पुरवायचं.

राई आता नावालाच राई होती. जिकडेतिकडे खुंट आणि तापलेली माती. मधोमध मात्र ती शेवटची शिवण उभी होती, राखाडी बुंध्याची, पानापानांतून हिरवा उजेड गाळणारी. तिच्या पायाशी पिवळीजर्द फळं पडली होती, जणू कुणी सोन्याचे मणी सांडले होते. एक इवलासा शिंजीर पक्षी निळेजांभळे पंख चमकवत फांद्यांतून भिरभिरत होता. वारा आला की पानं सळसळायची आणि सगळं झाड हळूच श्वास घेतंय असं वाटायचं.

येसू सूत सोडवू लागली तेवढ्यात तिला आवाज आला. मुंगीनं हाक मारावी एवढा बारीक.

“पाणी... थोडं पाणी...”

बुंध्याच्या बेचक्यात कोणीतरी बसलं होतं. करंगळीएवढी एक बाई. अंगात शिवणीच्या फुलासारखा पिवळा झगा, त्याला तपकिरी कड. पंख चतुरासारखे पारदर्शक, सोनेरी ठिपक्यांचे. पण एका पंखाची कड वाळक्या पानासारखी चुरगळली होती.

येसूनं तांब्याकडे पाहिलं. घसा तिचाही कोरडा पडला होता. तिनं पाणी ओंजळीत घेतलं आणि ओंजळ बेचक्याशी नेली. करंगळीएवढी बाई ओणवी होऊन प्यायली. उरलेलं पाणी येसूनं झाडाच्या मुळाशी ओतलं. तांब्या रिकामा झाला.

“तू परी आहेस?” येसूनं हळूच विचारलं.

“आहे. जेवढी उरले, तेवढी आहे,” परी म्हणाली. तिनं पंख झटकले तसा सोनेरी भुगा उडाला आणि उन्हात लुकलुकला. “पूर्वी मी तुझ्यापेक्षा उंच होते. जेवढी राई, तेवढी मी. आता एक झाड आहे, म्हणून एवढीशी आहे. तू स्वतःच्या तहानेतलं पाणी मला दिलंस. त्याबद्दल तुला तीन गोष्टी मागता येतील. पण आधी नियम ऐक. न ऐकता मागणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत.”

“सांग.”

“तू जे मागशील ते गावातल्या सगळ्या मुलांत सारखं वाटलं जाईल. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. दुसरं, मी हवेतून काही आणत नाही. जे देते ते या डोंगरातून देते. तिसरं, मागितलेलं मला द्यावंच लागतं. ते बरं की वाईट, हे तू बघायचं.”

येसूनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिच्या तोंडून पटकन निघालं, “मला एक मोठा आंबा हवा. चांगला पिकलेला!”

गोड वासाची एक झुळूक आली. येसूच्या तळहातावर काहीतरी चमकलं. नखाएवढी केशरी फोड! तिनं ती जिभेवर ठेवली. विरघळलीसुद्धा.

“हा मोठा आंबा?”

“आंबा मोठाच होता. पण गावात मुलं किती आहेत?”

येसू मनात घरं आठवू लागली. एकेका घरात पाच, सहा, सात. ती थांबली.

“तुझ्या पणजीच्या वेळी एका मुलीनं असाच आंबा मागितला होता,” परी म्हणाली. “तेव्हा प्रत्येकाच्या कोपरापर्यंत रस ओघळला होता. आंबा तेवढाच होता बरं का.”

त्याच वेळी खाली गावात सगळी पोरं आपापल्या हाताकडे बघत होती. तानी तर बोटं चाटत आभाळाकडे बघून ओरडली, “आणखी टाका की!”

येसू म्हणाली, “मग झऱ्याला पाणी येऊ दे. खूप पाणी. सगळ्यांना पुरेल एवढं.”

परीनं एकदा शिवणीच्या पानांकडे पाहिलं. मग तिनं पंख फडकवले.

धो धो आवाज झाला. येसू उंचवट्यावर धावली. खालच्या खडकातून पाण्याचा रुपेरी पट्टा उसळत होता! लोक हंडे, कळश्या, पातेली घेऊन धावले. पोरं पाण्यात नाचली. सगुणाआत्यानं घरातली सगळी अंथरुणं धुवायला काढली. खंडूनानांनी आपल्या म्हशीला आंघोळ घातली, मग शिंगं घासली, मग पुन्हा आंघोळ घातली. आणि बघता बघता पट्ट्याची दोरी झाली, दोरीचा दोरा झाला, आणि दोरासुद्धा आधीपेक्षा बारीक.

येसू मागे वळली. शिवणीची अर्धी पानं पिवळी पडून खाली आली होती. परी आता तांदळाच्या दाण्याएवढी झाली होती.

“अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. जे देते ते या डोंगरातून देते. मुळांनी धरलेलं पाणी सोडून दिलं. गावानं ते एका दुपारीत संपवलं.”

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. “उद्या माझ्या आईला बाळ होणार आहे. ते येऊच नये का?”

“वेडी कुठली! आलेल्या बाळाला कुणी परत पाठवतं का? ते आलं की हसून घ्यायचं. पण आणखी कुणाला बोलावताना घरातलं पीठ बघावं. आणि आलेल्यांना जगवायचं तर त्यांच्या पाण्याचं मूळ तोडू नये. गाव या दोन्ही गोष्टी विसरलंय.” परीनं नाजूकशी जांभई दिली. “तिसरी गोष्ट काय मागतेस?”

“आत्ता नाही. नीट विचार करून मागेन.”

“बरं झालं. पण उद्या सुतार येणार ना?”

येसूनं हातातल्या हळदीच्या सुताकडे पाहिलं. ते तिनं झाडाला बांधलं नाही. कमरेला खोचलं आणि ती घरी आली.

आईनं सगळं ऐकून घेतलं. परीचं ऐकताना ती हसली नाही. येसू उगाच काही रचून सांगत नाही, हे तिला माहीत होतं.

“सूत नाही बांधलंस, तर आपल्या बाळाला घागर नाही मिळणार, येसू.”

“माझ्यातलं अर्धं देईन.”

“अख्खी घागर पुरत नाही तुम्हाला. अर्धीनं काय होणार, पोरी?” आई म्हणाली. पण तिचे डोळे वर माळ्याकडे गेले होते. तिथं येसूचा, रखमीचा, बायजीचा असे तीन पाळणे धूळ खात पडले होते.

उजाडता उजाडता बाळ झालं. गुलाबी, सुरकुतलेलं, डोक्यावर काळंभोर जावळ असलेलं. सगुणाआत्या धावत आली आणि तिनं दुपटं उघडून पाहिलं.

“मुलगी! असू दे. पुढच्या खेपेला बघू.”

“पुढची खेप नाही, वन्सं,” आई म्हणाली. “चौघी आहेत, चौघी पुरेत. आमचं दोघांचं ठरलंय.”

“दोघांचं? घरात थोरली मी आहे, मला विचारलंत?”

“बाळंत मी होते ना, वन्सं.”

आई सुईणबाईंना म्हणाली, “माळ्यावरून येसूचा पाळणा काढा.” बाळ त्यात निजल्यावर ती येसूला म्हणाली, “जा तू राईत. सांग त्यांना.”

येसू पळत सुटली. शिवणीभोवती गाव जमलं होतं. सुतारानं कुऱ्हाडीला धार लावली होती.

“सूत कुठंय?” नानांनी विचारलं.

“बांधलं नाही. आम्हाला नवा पाळणा नको.”

“पाळणा नाही तर घागर नाही, ठाऊक आहे ना? सख्ख्या बहिणीच्या तोंडचं पाणी तोडतेस?”

सख्ख्या बहिणीच्या तोंडचं पाणी. ते शब्द येसूला फार लागले. तरी ती म्हणाली, “माझ्या घागरीतलं तिला देईन. ती माझ्या पाळण्यात निजेल.”

“आयुष्य वाटलं जाईल!” मागून दम खात आलेली आत्या ओरडली.

“काही होत नाही,” सुतार म्हणाला. त्यानं येता येता येसूच्या घरात डोकावून पाहिलं होतं. “मघाशीच निजवलंय तिला त्यात. मजेत घोरतेय.”

लोक हसले. नाना मात्र रागावले. “बरं! यांना नको तर नको. सोनबाच्या सुनेला पुढच्या महिन्यात बाळ व्हायचंय. तिला होईल हे झाड. सुतारा, घाल घाव.”

येसूनं हा विचारच केला नव्हता. आपण हक्क सोडला की झाड वाचेल, असं तिला वाटलं होतं. सुतारानं कुऱ्हाड उचलली. येसू घाईघाईनं वळली आणि ओरडली, “तानी! तुमच्या माळ्यावर किती पाळणे आहेत गं?”

“आमच्या? सात! मी लपाछपीत त्यातच लपते.”

“त्यात कोण निजतं?”

“उंदीर.”

आता गाव पोट धरून हसलं. तानी मात्र हसली नाही. तिला एकदम काहीतरी कळलं, आणि ती घराकडे धावली. तिच्यामागे दुसरी पोरं धावली. थोड्या वेळानं सगळी परत आली ती डोक्यावर पाळणे घेऊन. लाल रंगाचे, हिरव्या रंगाचे, मोरांचे, पोपटांचे, एक दोरी तुटलेले, एक दांडी निखळलेले. पोरांनी ते शिवणीभोवती मांडले. रांग संपेना. अख्खी राई तिथं पाळणे होऊन पडली होती.

सुतार एकेका पाळण्यावरून हात फिरवत म्हणाला, “लाकूड टणक आहे. खिळा मारला की झालं.” त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

सोनबाची सून पोट सावरत पुढे आली. “मला तो पोपटांचा द्या बाई. किती गोड आहे.”

“आणि रिवाज?” नाना म्हणाले. पण त्यांचा आवाज उतरला होता.

“नाना,” तानी म्हणाली, “आज हे झाड तोडलंत, तर परवाच्या बाळाचा रिवाज कशावर करणार?”

नानांनी जवळचा एक पाळणा हलवून पाहिला. मग म्हणाले, “पण मग घागर कशावर लावायची? काहीतरी हिशेब नको?”

हा प्रश्न मात्र खरा होता. येसूनं विचार केला. मग ती बेचक्याजवळ गेली आणि अगदी हळू म्हणाली, “परी, माझी तिसरी गोष्ट. प्रत्येक मुलाच्या हातात शिवणीचं एक बी दे. रुजणारं.”

“हे दिलं की मी या बेचक्यात उरणार नाही,” आतून आवाज आला.

“मग नको! मी मागणं परत घेते.”

“परत घेता येत नाही. आणि तू भिऊ नकोस. आजवर लोकांनी वाटल्यावर संपेल असंच मागितलं. बी वाटलं की ते वाढतं. ज्या मुठीत ते जाईल, तिथं थोडी थोडी मी जाईन. मात्र नीट ऐक. झाड मोठं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागेलच. त्यात मला घाई करता येत नाही. तोवर आपण किती वाढायचं, ते तुम्ही बघा.”

तांदळाच्या दाण्याएवढा एक ठिपका बेचक्यातून वर आला. आधी पिवळा, मग केशरी, मग इतका शुभ्र की सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांआडही उजेड झाला. सोनेरी भुगा झिरमिर झिरमिर खाली आला, पोरांच्या केसांत, पाळण्यांत, नानांच्या पांढऱ्या मिशांवर. डोळे उघडले तेव्हा झाड तिथंच होतं, पान हलत नव्हतं, आणि परी नव्हती.

प्रत्येक मुलाच्या तळहातावर एकेक बी होतं. ते तेवढंच इवलंसं होतं, पण आज “आणखी टाका की” असं कुणी ओरडलं नाही.

“ज्याचं रोप जगेल, त्याची घागर,” येसू म्हणाली. “लहान असेल त्याचं रोप घरच्यांनी जगवायचं.”

नानांनी मिशीवरचा भुगा पुसला. “पोरांना मिळालं बी. पण तुझी बहीण आज जन्मलीय. तिचा पाळणा झाला नाही, तिला गावात धरलंच नाही अजून. तिचं काय?”

येसूकडे एकच बी होतं. तिनं मूठ घट्ट मिटली, मग उघडली आणि म्हणाली, “माझं तिचं.”

तेवढ्यात वाटेवरून सुईणबाई धापा टाकत आल्या. “अहो, या, बघा तरी! पोरीची मूठ उघडत नव्हती. म्हटलं काय धरलंय हिनं. बी आहे, बी!”

गावानं तिला धरलं नव्हतं, पण परीनं धरलं होतं. “सगळी मुलं” म्हणजे सगळी.

दुसऱ्या दिवशी झरा वाढला नाही. त्या वर्षीही वाढला नाही. काही रोपं शेळ्यांनी खाल्ली, काही वाळली, ती पुन्हा लावली. बायका आपसांत बोलू लागल्या, मग नवऱ्यांशी बोलू लागल्या, आणि काही घरांत आईसारखंच “एवढं पुरे” असं ठरलं. आत्याला ते आवडलं नाही. ती अजूनही पुटपुटते.

पण बाळ जन्मलं त्याच सकाळी, गावातलं सगळ्यात नवं बी घराच्या मागे मातीत पुरलं गेलं, आणि झऱ्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक छोटीशी तांब्याची घागर उभी राहिली. ती खंडूनानांनी रोप जगेल या भरवशावर स्वतःच्या हातानं ठेवली, जरा घुश्शातच. पाणी दोऱ्याएवढंच होतं. घागर भरायला फार वेळ लागला. रांगेतलं कुणी पुढे घुसलं नाही, आणि घागर काठापर्यंत भरली.